शाडूची मूर्ती आणि विस्मृतीचा रोग
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात रोहे येथे दिलेले भाषण)



वार्धक्यातील विस्मृतीवर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे. पेण येथे मुलांस अंकगणित शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु ज्येष्ठ बंधूंच्या दुखण्यामुळे हा विषय वाचणे आम्हांस भाग पडले.

पेणच्या गणपतींचे कारखाने आपण पाहिलेच असतील. शाडूची मूर्ती साच्यातून वाकडी निघाली, तर कारागीर ती मोडून माती पुन्हा भिजत घालतो. आपल्या प्रत्येक पेशीत हेच काम अहोरात्र चालते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिला योग्य घड्या पडल्या तरच ती उपयोगी. पेशीतील गर्दीत माळ गोंधळू नये म्हणून तिच्यासोबत शॅपरोन नावाची दुसरी प्रथिने असतात. आपण त्यांना पाठराखीण म्हणू. नववधू सासरी रुळेपर्यंत सोबत राहावे आणि मग निघून यावे, हेच त्यांचे काम. इतके करूनही घडी बिघडली, तर पेशी त्या प्रथिनास युबिक्विटिन नामक चिठ्ठी डकविते, व चिठ्ठी लागलेल्या प्रथिनाचे तुकडे करून त्यांतील अमिनो आम्ले पुन्हा वापरते. या शोधास 2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वय वाढते तशी ही व्यवस्था मंदावते. मग काही बिघडलेली प्रथिने एकमेकांस चिकटून कठीण तंतू बनतात. शाडूचे जणू प्लॅस्टर होते. ते पाण्यात घातले तरी पुन्हा माती होत नाही. या तंतूंना अमायलॉइड म्हणतात. 1854 साली फिरशॉ यांनी हे नाव दिले ते स्टार्च समजून; पदार्थ प्रथिनाचा निघाला, नाव मात्र राहिले! अशाच गाठी 1906 साली डॉ. अल्झायमर यांनी एका विस्मृतिग्रस्त स्त्रीच्या मेंदूत दाखविल्या. क्षयासारखा दाह दीर्घकाळ राहिल्यास निराळे अमायलॉइड मूत्रपिंडातही साचते. कंपवातातील प्रथिन आधी द्रवाच्या थेंबांसारखे एकत्र येते व ते थेंब पुढे घट्ट होतात, असे पवईच्या आय.आय.टी.तील प्रा. समीर माजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली दाखविले.

आता घरची गोष्ट. आमचे बंधू येथे रोह्यासच असतात. भाताची पेरणी झाली काय, हे त्यांनी एका सकाळी पाच वेळा विचारले, तेव्हा "मुद्दाम करता काय?" असे आम्ही त्यांना सर्वांदेखत बोललो. ते मान खाली घालून बसले. पुढे एकदा कुंडलिकेच्या काठी घराची वाट चुकले. तरीही दोन वर्षे आम्ही वैद्य गाठला नाही, कारण पुतणीसाठी स्थळे पाहणे चालू होते. शिक्षकाने असे वागावे, याची आम्हांस लाज वाटते.

थायरॉइडच्या विकाराने किंवा बी-12 जीवनसत्त्वाच्या अभावानेही स्मृती ढळते, आणि ती उपचारांनी सुधारू शकते; म्हणून तपासणी लवकर करावी. अल्झायमर बरा करणारे औषध नाही. 2023 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब मेंदूतील अमायलॉइड कमी करते, परंतु रोगाची गती थोडीच मंदावते, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. मातापित्यांकडून थेट उतरणारा प्रकार अत्यंत विरळा असून तो बहुधा पासष्टीपूर्वीच प्रकट होतो. उतारवयातील प्रकारात नात्याने धोका काहीसा वाढतो, परंतु रोग होणारच असे ठरत नाही.

आपल्या संस्थेच्या वधूवरसूचीच्या अर्जात "घराण्यात वेड आहे काय?" असा एक रकाना आहे. पुतणीचा अर्ज भरताना तेथे आम्ही "नाही" लिहिले, आणि बंधूंना त्या दिवशी माडीवर बसविले. तो रकाना काढावा, असा ठराव पेण व रोहे या दोन्ही शाखांतर्फे आम्ही मांडीत आहोत. नवे अर्ज पुढील महिन्यात छापावयास जाणार आहेत.