दुकान मोबाईलवर, चूल घरातच

(मंडळाच्या महिला शाखेने श्रावणात घेतलेल्या गृहउद्योग मेळाव्यात केलेले भाषण)



सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आम्ही राज्य शासनाचे नोकर, पदविकाधारक उपयंत्री. मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ प्रमाणे आम्हाला परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. घरातले कोणी करत असेल तर तसे लेखी कळवावे लागते. ते आम्ही कळवले आहे. अगदी पहिल्या वर्षी हौसेने सौ.च्या चकल्यांचा फोटो आम्ही स्वतःच्या स्टेटसला लावला होता. अर्ध्या तासात एका ठेकेदाराची पाच किलोची ऑर्डर आली! हे नियम कशासाठी आहेत ते तेव्हा एकदम उमगले. ऑर्डर नाकारली, स्टेटस काढले. त्यामुळे आजही आमच्या घरच्या उद्योगाचे नाव किंवा नंबर सांगणार नाही. करतात सौ. आणि वहिनी, मोबाईल सांभाळते बारावीतली लेक, आमच्याकडे फक्त रात्रीचा हिशेब. चुका मात्र चौघांच्या समाईक, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हणतो.

दोन वर्षांपूर्वीच्या गणेश चतुर्थीची गोष्ट सांगतो. आठ दिवस आधी लेकीने एक छान चित्र तयार केले. नेटवरून घेतलेला मोदकाचा फोटो, त्यावर केशराची काडी, खाली मजकूर : ‘घरगुती उकडीचे मोदक, ऑर्डरसाठी संपर्क करा’ आणि नंबर. मंडळाच्या ग्रुपवर टाकले, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकले. तिसऱ्या दिवशी तेच चित्र आम्हाला आमच्याच साडूंकडून परत आले. वर दोन बाणांची खूण, म्हणजे अनेक हातांतून फिरून आलेले. आम्हाला कोण आनंद! सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, पार विजयनगरपर्यंतचे फोन. सौ. कोणालाच नाही म्हणेना. चतुर्थीच्या आदल्या रात्री वही मिटली तेव्हा आकडा होता ६१२.

आम्ही रस्त्याचे एस्टिमेट करतो, नाल्याचे करतो. स्वतःच्या स्वयंपाकघराचे केले नाही. दोन मिनिटांचा हिशेब होता. एका पात्रात २१ मोदक, पात्रे दोन, वाफ पंधरा मिनिटे. वाफवण्याची अडचण नव्हतीच. पण वळणारे हात चार. एक मोदक नीट वळायला दीड-दोन मिनिटे लागतात, म्हणजे दोघींचे मिळून तासाला साठ-सत्तर. पहाटे चारला बसल्या तरी दहापर्यंत चारशेच्या वर जाणे नाही, आणि तेही उकड मध्ये वाळली नाही तर. ती वाळली. मोदक फुटायला लागले. माध्यान्हीची पूजा, लोकांना अकराच्या आत नैवेद्य घरी हवा, आणि आमच्याकडे तयार होते जेमतेम ३४०.

पुढचे दोन तास आम्ही फक्त फोन घेत होतो. पैसे परत केले, सराफ्यातून पेढे आणून काही घरी पोहोचवले. आमच्या जुन्या वाड्यातल्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मोदक बाहेरून मागवले होते. त्यांनी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. सौ.ला एवढेच म्हणाल्या, “असू दे गं. पण काल सांगितलं असतंस तर मी पुरण तरी घातलं असतं.” सौ. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बंद करू या सगळे.

त्यात एकाने फुटलेल्या मोदकाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आम्ही खुलासा लिहिला. त्यावर त्यांनी लिहिले. मग आमच्या बाजूने चार लोक, त्यांच्या बाजूने चार. संध्याकाळपर्यंत आरतीच्या वेळापत्रकाचा मेसेज त्या भांडणात वर कुठे निघून गेला कोणाला सापडेना. शेवटी वहिनींनी त्यांना सरळ फोन केला, पाच मिनिटांत विषय मिटला. मग ग्रुपवर आम्ही दोनच ओळी टाकल्या : ऑर्डर आमच्या ताकदीपेक्षा जास्त घेतल्या, चूक आमची, ज्यांचे पैसे राहिले असतील त्यांनी कळवावे. आजही ते गृहस्थ आमच्याकडून भाजणी नेतात. तक्रार चारचौघांत आली तर उत्तर चारचौघांत द्यावे, पण लहान. वाद घालायचा तो फोनवर.

वहिनींनी बंद करू दिले नाही, म्हणून पुढचे सांगता येते आहे.

आता आमचा प्रत्येक मेसेज एका जुन्या सवयीने लिहिला जातो. तारीख, संख्या, भाव, कुठपर्यंत पोहोचवणार आणि ऑर्डर कधी बंद होणार. गेल्या वर्षी लिहिले : फक्त २५० मोदक, चतुर्थीच्या तीन दिवस आधी नोंदणी बंद. २५० भरले त्या संध्याकाळी लेकीने ‘नोंदणी पूर्ण, आभार’ असे चित्र लावले. आम्हाला वाटले होते लोक नाराज होतील. झाले उलटेच, त्यानंतर दसऱ्याच्या कडाकण्यांसाठी लोक आधीपासून विचारू लागले. दोन वर्षांपूर्वीचे ते बिनतारखेचे चित्र मात्र अजून फिरते आहे. दर अंगारकीला कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. एकदा सुटलेला मेसेज परत बोलावता येत नाही, म्हणून तारीख चित्राच्या आतच छापा, खाली वेगळी लिहू नका. फॉरवर्ड होताना खालचा मजकूर काढून टाकता येतो.

नेटवरचा फोटोही तेव्हापासून बंद. त्या फोटोतल्या मोदकाला एकवीस पाकळ्या होत्या, आमच्या वहिनींच्या हातून अकरा पडतात. एका बाईंनी मोजून दाखवल्या! आता खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, घरच्याच ताटलीत फोटो काढतो.

व्हॉट्सॲपबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर घालता येतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज पोहोचतो. स्टेटसचेही तसेच, दोघांकडे एकमेकांचा नंबर हवा. सौ. सहा महिने स्टेटस लावत होती आणि निम्म्या गिऱ्हाइकांना ते दिसतच नव्हते. आता डब्यावरच्या चिठ्ठीत एक ओळ असते, ‘हा नंबर सेव्ह करा’. त्याच चिठ्ठीवर एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी क्रमांक. घरी करून विकत असलात तरी ही नोंदणी लागते, ती टाळू नका.

उद्योगासाठी सिम वेगळे घ्या, हे भगिनींना मुद्दाम सांगतो. घरचा नंबर जाहिरातीवर गेला की रात्री साडेअकराला ‘हाय’ म्हणणारेही येतात. बिझनेस व्हॉट्सॲपवर वेळा लावता येतात, रात्री उत्तर आपोआप जाते. गूगलच्या नकाशावर नोंद करतानाही घराचा पत्ता लपवून फक्त परिसर दाखवता येतो.

लेकीचा हट्ट होता इन्स्टाग्रामचा. तिने वहिनींचे फक्त हात दाखवून मोदक वळतानाचा छोटा व्हिडिओ टाकला. हजारोंनी पाहिला, पुण्या-नाशिकच्या लोकांनी तोंडभर कौतुक केले. ऑर्डर शून्य. बरोबरच आहे, उकडीचा मोदक कुरियरने जातो थोडाच! पण त्याच लोकांना मेतकूट आणि चकलीची भाजणी दाखवली तेव्हा पाकिटे जाऊ लागली. ताजे असेल ते गल्लीतल्या ग्रुपवर, टिकाऊ असेल ते लांबच्यांना, एवढे आम्ही शिकलो. फेसबुकवर आमच्या वयाची आणि मोठी मंडळी भेटतात. दिवाळीच्या फराळाची निम्मी चौकशी तिथूनच येते.

आणि हिंदीत लिहा, लाजू नका. आपण पिढ्यान् पिढ्या इंदुरात राहतो, शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलणारे. ‘उकडीचे’ म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हते. खाली ‘भाप में पके, चावल के आटे के मोदक’ एवढे लिहिले आणि शेजारच्या अग्रवालांच्या सोसायटीतून एकदम ऑर्डरी आल्या. मराठी ओळ वर, हिंदी खाली, दोन्ही ठेवतो.

पैशांबाबत जपा. पैसे पाठवल्याचे चित्र दाखवून माल घेऊन जाणारे आम्हाला एकदा भेटले आहेत, चार किलो शंकरपाळे गेले. चित्रावर विश्वास नाही, आपल्या बँक खात्यात जमा दिसले की डबा द्यायचा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाले तर फोन ठेवून द्या. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

या वर्षी मर्यादा २८० ठेवली आहे, कारण वहिनींची भाची पाकळ्या पाडायला शिकली आहे. पहिले अकरा मोदक त्या आजींच्या नावाने वहीत आधीच लिहिले आहेत. त्यांचे पैसे सौ. घेत नाही आणि त्या दिल्याशिवाय राहत नाहीत, हा वाद दर वर्षीचा.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी इथेच सभागृहात बसणार आहेत. ज्यांना बिझनेस व्हॉट्सॲप सुरू करून हवे असेल त्यांनी यावे. मोबाईल चार्ज करून आणा, आणि मागच्या वेळेसारखे चष्मे घरी विसरू नका.