तांब्याची तार की काचेची?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॅमेरे, गेट आणि ऑफिस जोडायला नवं केबलिंग करायचं आहे. कमिटीकडे दोन कोटेशनं आली आहेत. एकात सगळी तांब्याची केबल, दुसऱ्यात सगळी फायबर. माझी नोकरी याच कामात गेली, म्हणून मला बोलायला सांगितलं. माझ्या मते दोन्ही कोटेशनं निम्मी बरोबर आहेत.

आधी अंतर. इथरनेटची तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच धरायची, हा नियमच आहे. हे अंतर नजरेचं नाही, केबलच्या वाटेचं. ऑफिसमधून ई विंग समोर दिसते. पण डक्टमधून वर, गच्चीवरून पलीकडे आणि पुन्हा खाली असं टेप लावून मोजलं, तर 130 मीटर भरलं.

त्याहून मोठा प्रश्न विजेचा. गेल्या दोन्ही पावसाळ्यांत गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी स्विच मेलेला. वीज आपल्याच इमारतीवर पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी दोन विंगांमधल्या लांब तांब्याच्या तारेत दाब उसळतो आणि टोकाचं यंत्र जळतं. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो. म्हणून विंग ते विंग फायबरच हवी, तीही आत धातूची तार किंवा पत्रा नसलेली. सिंगल मोड घ्या. पुढे वेग वाढवायचा झाला तर टोकाची यंत्रं बदलतील, काच तीच राहील.

बी विंगमधल्या आजींनी विचारलं, काच वाकवली की मोडणार ना? रास्त प्रश्न. करकचून वाकवली तर मोडते. कोपऱ्यावर सैल वळण ठेवायचं आणि पाइपातून न्यायची.

मग सगळीकडेच फायबर का नको? कारण कॅमेऱ्याला वीज लागते. तांब्याची केबल डेटाबरोबर तीही पोचवते. साध्या पीओई स्विचचं एक पोर्ट 15.4 वॅट देतं. फायबर लावली तर प्रत्येक कॅमेऱ्यापाशी प्लग, अ‍ॅडॉप्टर आणि कन्व्हर्टर आला, नि ते सगळं जिन्यात, पार्किंगमध्ये, पावसाच्या तोंडाशी. म्हणून विंगच्या आत कॅट सिक्स तांबं.

मात्र तांबं म्हणजे तांबंच. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल मिळते, वर छापलेलं कॅट सिक्सच. ती हलकी असते, पीओईच्या करंटने जास्त तापते, जोडताना तुटते. स्वस्त कोटेशनमधला नमुना मी मागवला, तो असाच निघाला.

तेव्हा ठरावात 'शुद्ध तांबे' हे शब्द घाला. फायबर सहा कोअरची घ्या. आज दोनच लागतील, पण पुन्हा खोदाई करण्यापेक्षा जादा चार कोअर स्वस्त पडतात. पैसा सिंकिंग फंडातला, म्हणजे तुमचाच आहे. दोन्ही नमुन्यांचे तुकडे टेबलावर ठेवलेत, शेजारी चाकूही आहे. मतदानाआधी खरवडून बघा; आत पांढरं दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियम.