खंडेनवमीला मांडलेली हत्यारं

(सुतारकाम करणाऱ्या भावांच्या वर्षअखेरीच्या बैठकीत केलेलं भाषण, डिसेंबर २०२५)



यंदा १ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. आमच्या खोलीत आम्ही चौघे सुतार. पाटावर हत्यारं मांडली: करवत, रंधा, तीन पटाश्या, गुण्या, हातोडी. हळदकुंकू वाहताना मनात आलं, यात एक राउटर असायला हवा होता. त्याचे पैसे मी भरलेत, पण राउटर मालकाकडेच आहे.

झालं असं. मार्चमध्ये ओकच्या जिन्याला खोबणी पाडताना साइटवरचा राउटर जळला. जुनाच होता, आठवडाभर वास येत होता. सुपरवायझर म्हणाला, तुझ्या हातून गेला. महिनाअखेरीला पगारातून १८० पौंड गेले. पेस्लिपवर एकच शब्द, 'टूल्स'. मी गप्प बसलो. गावाकडे असतो तर भांडलो असतो, पण इथे व्हिसा डोळ्यांसमोर येतो.

मे महिन्यात एका भावाने १९९६ चा एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट समजावून सांगितला. पगारातून कापायचं तर तीनच वाटा: कायद्यानेच परवानगी हवी, करारात लिहिलेलं हवं, किंवा तुम्ही लेखी होकार दिलेला हवा. आणि तो होकार आधीचा हवा. वस्तू मोडल्यावर सही करून घेतली, तर ती त्या नुकसानीला लागू होत नाही. म्हणून घाईत कागद पुढे केला तर 'वाचून उद्या देतो' म्हणा.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कामासाठी हत्यारं तुम्हीच विकत घ्या असं मालकाने सांगितलं, तर किमान वेतन मोजताना तो खर्च तुमच्या पगारातून वजा धरतात. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात २१ वर्षं आणि त्यावरच्यांना तासाला १२.२१ पौंड होतं. खर्च वजा जाता किमान वेतनाच्या खाली आलात, तर चूक मालकाची.

मी अकासला फोन केला, ०३०० १२३ ११००. सल्ला फुकट असतो. २०२५ मध्ये कापल्यापासून तीन महिन्यांत एक दिवस कमी, एवढीच मुदत होती. माझे थोडेच दिवस उरले होते. त्यांनी मध्यस्थी केली, पैसे परत आले. पण नंतर मला ओव्हरटाइम मिळेनासा झाला, हेही सांगितलं पाहिजे.

जे स्वतःच्या नावावर, म्हणजे सीआयएसवर काम करतात, त्यांचं गणित वेगळं. नोंदणी असेल तर २० टक्के कापतात, नसेल तर ३०. हत्यारांची बिलं जपून ठेवा, हिशेबात खर्च दाखवता येतो.

चोरीचं बोलायलाच नको. आमच्या खोलीतल्या एकाची पिशवी व्हॅनमधून गेली. त्यात त्याच्या वडिलांचा रंधा होता, त्याची भरपाई कोण देणार? फेब्रुवारीत इथले कारागीर व्हॅन घेऊन लंडनला पार्लमेंटसमोर गेले होते ते याचसाठी. पोर्ट्समथ नॉर्थच्या खासदार अमांडा मार्टिन यांनी शिक्षा वाढवायचं विधेयकही मांडलंय. तोवर हत्यारांचे फोटो आणि सीरियल नंबर फोनमध्ये ठेवा.

आता एका माणसाबद्दल. आमच्या वर्कशॉपमध्ये सत्तरीचा एक इंग्रज सुतार आहे. त्याची करवत शेफील्डची, त्याच्या आजोबांपासूनची. दर शुक्रवारी तो कानस घेऊन एकेक दात लावतो. मला म्हणाला, बस शेजारी. मी त्याला जमिनीवर बसून पायाने लाकूड धरून कसं तासतात ते दाखवलं, तर हसून हसून बेजार. मग स्वतः बसला, आणि उठायला दोघांना हात द्यावा लागला! वर्षभरात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानेच.

पण तो खोकतो. त्याच्या उमेदीत मास्क कोणी घालत नसे. ओकसारख्या कठीण लाकडाच्या धुळीने दमा होतो, नाकाचा कर्करोगही होतो. हवेच्या घनमीटरला ३ मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. धूळ खेचणारं मशीन आणि मास्क मालकाने द्यायचा, पैसे न घेता. दाढी असेल तर साधा मास्क नीट बसत नाही, मग दुसऱ्या प्रकारचा मागा. झाडू मारू नका, धूळ परत उडते.

दारात वही ठेवली आहे. ज्यांच्या पेस्लिपवर 'टूल्स' असं काही कापलंय, त्यांनी आज जाण्याआधी तारीख लिहून ठेवा. कोणाचे किती दिवस उरलेत ते बसून मोजू. चहा झालाय.