रित्या वास्तू आणि लोकांचा तिसरा हिस्सा

(वडोदरा येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाच्या शिखरावर नवा कळस चढवायचा म्हटला की देणगीदारांची यादी एका बैठकीत भरते. त्याच देवालयाच्या अग्रशाळेचे छप्पर गळू लागले तर मात्र तो विषय पुढील सभेवर ढकलला जातो. एके काळी जत्रेला कुळेच्या कुळे अग्रशाळेत उतरत. आज बहुतेक कुटुंबे मोटारीने येतात आणि अभिषेक व महाप्रसाद आटोपून संध्याकाळी परततात. खोल्यांना कुलपे लागतात, आणि कुलूपबंद वास्तू दर पावसाळ्यागणिक खचत जाते. अशा वास्तूंचे करावे काय, आणि त्यासाठी द्रव्य आणावे कोठून? या प्रश्नाचा विचार करण्यास वडोदऱ्याइतके योग्य नगर क्वचितच सापडेल.

१८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. मांडवीनजीकचा जुना सरकारवाडा श्रीमंत सयाजीराव महाराजांनी वाया जाऊ दिला नाही. १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून त्यांनी राज्यात ग्रंथालयांची चळवळ सुरू केली, आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचा संसार त्या सरकारवाड्यातच थाटला. महाराजांचा खाजगी ग्रंथसंग्रहही तेथे आला. १९३१ साली स्वतंत्र इमारत लाभेपर्यंत जुन्या वाड्याने सरस्वतीला आसरा दिला.

त्या चळवळीतील द्रव्यव्यवस्था तर विशेष मननीय आहे. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने, ठरावीक मर्यादेपर्यंत, घालावी असा नियम होता. एक तृतीयांश लोकांचा, उरलेला भार इतरांचा. मात्र पहिले पाऊल गावाचे. ज्यात आपला पैसा आहे, त्या वस्तूकडे मनुष्याचे लक्ष राहते, हे महाराजांनी अचूक हेरले होते.

वास्तूचे आयुष्य तिच्या उपयोगावर कसे अवलंबून असते, हेही याच नगरात दिसते. चिझम यांनी रचलेली, १८९६ साली पूर्ण झालेली न्यायमंदिराची इमारत मुळात भाजीबाजारासाठी योजिली होती असे सांगतात. तेथे न्यायासन आले आणि शतकाहून अधिक काळ ती गजबजलेली राहिली. २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेली आणि त्या भव्य दालनांपुढे ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा ठाकला. नगर संग्रहालयाचा विचार त्यातूनच पुढे आला. उलट लालबागेतील प्रतापविलास राजवाड्यात १९५२ सालापासून रेल्वे अधिकाऱ्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि त्या राजवाड्याला नवे कार्य मिळाले.

परंतु या झाल्या राजाच्या व सरकारच्या वास्तू. समाजाच्या मालकीच्या वास्तूंना आधार कोणाचा? इंग्लंडात १९७६ साली याच हेतूने एक वास्तुवारसा निधी स्थापन झाला. जुन्या इमारतीचा नवा उपयोग करू पाहणाऱ्या सेवाभावी संस्थांना तो प्रथम योजना तपासण्यासाठी अल्प अनुदान देतो व पुढे कर्ज देतो. परत आलेले कर्ज दुसऱ्या वास्तूच्या कामी लागते. एकच रुपया अनेक छपरे सावरतो.

आपल्या देशात १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी निर्माण झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर निव्वळ नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले. ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती व सार्वजनिक ग्रंथालये ही दोन्ही कार्ये त्यात बसतात. गुजरात सरकारने २०२० साली जाहीर केलेल्या धोरणात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वारसावास्तूंमध्ये हॉटेल, संग्रहालय, समारंभगृह वा उपाहारगृह काढणाऱ्यांस साहाय्याची तरतूद होती. पण अशा धोरणांचा ओढा व्यवसायाकडे असतो. वाचनालय काढणाऱ्या समाजाने केवळ त्यांवर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

द्रव्य देणारा कोणीही असो, त्याचे प्रश्न तेच असतात. वास्तू कोणाची? हिशेब कोण ठेवतो? दुरुस्तीनंतर तिचा सांभाळ कोण करणार? या बाबतीत महाजनी संस्था भाग्यवान आहेत. गोव्यातील देवस्थानांस १९३३ सालच्या नियमावलीपासून महाजनांची नोंद, निवडलेली समिती, अंदाजपत्रक व हिशेब यांची शिस्त आहे. अनेक नव्या संस्थांना जे प्रथम उभारावे लागते, ते महाजनांच्या घरी वारशाने आलेले आहे.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम उपयोग ठरवावा. अग्रशाळेच्या चार खोल्यांत जुने दप्तर व ग्रंथ जतन करता येतील, संगीताचे वर्ग भरवता येतील, गरजू विद्यार्थ्यांची सोय होईल. नंतर जुन्या बांधकामाची जाण असलेल्या स्थापत्यज्ञाकडून अंदाज घ्यावा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला तर ओल आत कोंडते व भिंत लवकर बिघडते. मग नियमावलीच्या चौकटीत महाजनांनी आपला तिसरा हिस्सा जमवावा, आणि तो हाती घेऊनच इतरांच्या दारी जावे. रिकाम्या हाताने गेलेला याचक ठरतो. हिस्सा घेऊन गेलेला भागीदार ठरतो.

कळसाचे दर्शन दुरून घडते, पण दुरून आलेल्या भाविकाला टेकण्यास सावली हवी असते. ती सावली पूर्वजांनी बांधून ठेवली आहे. तिचे कुलूप उघडणे एवढेच या पिढीकडे उरले आहे.