जैविक भाजी आणि श्रावकाचा विवेक
(व्याख्यानाची संहिता)



गच्चीवर, अंगणात किंवा खिडकीच्या कठड्यावर भाजी पिकविणारी जैन कुटुंबे आता पुष्कळ दिसतात. त्यामागे विषारी फवारणीची धास्ती असते, तशीच आपल्या अन्नासाठी कमीत कमी जीवांची विराधना व्हावी ही भावनाही असते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असा मात्र समज रूढ झाला आहे. ‘जैविक’ हा शब्द शेतीशास्त्रातला. कृत्रिम रसायनांवाचून पिकविलेले, एवढाच त्याचा अर्थ. हाडांचा चुरा, रक्तचूर्ण, मासळीचे खत ही सारी जैविक खतेच होत. फुलझाडांसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रखतांत हाडांचा चुरा अनेकदा असतो. म्हणून श्रावकाने पिशवीवरील मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. घटकांची यादी वाचावी, आणि यादी नसेल तर पिशवी परत ठेवावी. एरंडीची, शेंगदाण्याची वा कडुनिंबाची पेंड आणि पाल्याचे खत यांवर घरची बाग उत्तम चालते. छिद्रे पाडलेल्या पिंपात वाळला पाला, मूठभर माती आणि थोडे आंबट ताक असे थर देऊन ओल राखली, तर काही महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. गांडुळे पाळणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांचे यावर भागते.

हंगामाचा विचार केला तर आपला आचार आणि महाराष्ट्राचे हवामान यांचा मेळ चांगला बसतो. पावसाळ्यात पालेभाजीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, म्हणून चातुर्मासात अनेक घरांत ती वर्ज्य असते. नेमक्या त्याच दिवसांत वेल जोमाने वाढतात. जूनमध्ये दुधी, दोडका, कारले, भेंडी, गवार लावली की चातुर्मासात उणीव भासत नाही. दसऱ्याच्या सुमारास पेरलेली मेथी महिन्याभरात हाताशी येते, म्हणजे चातुर्मासाची सांगता होता होता. थंडीत पालक, कोथिंबीर, टोमॅटो, वाटाणा. जानेवारीच्या अखेरीपासून पुन्हा भेंडी आणि काकडी. रोज पाच-सहा तास ऊन मिळत नसेल, तर फळभाजीचा आग्रह धरू नये. कंदमुळे या बागेत नाहीतच.

खरी कसोटी कीड दिसली की लागते. निंबोळी अर्क निरुपद्रवी आहे, असे सर्रास सांगितले जाते. माणसाला तो फारसा बाधत नाही, हे खरे. परंतु त्यातील ॲझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे अळीचे खाणे मंदावते, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि ती पुढच्या अवस्थेला पोहोचत नाही. याला अहिंसक म्हणता येणार नाही. त्यापेक्षा कीड येऊच नये अशी तजवीज श्रेयस्कर. लावणी केल्याबरोबर वाफ्यावर मच्छरदाणीचे कापड ताणले, की पतंगाला पानावर अंडी घालता येत नाहीत. कारल्याचे, दोडक्याचे कोवळे फळ कागदी पिशवीत झाकले, तर फळमाशीपासून वाचते. रोपांत अंतर ठेवावे आणि कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये, म्हणजे डासांची उत्पत्तीही टळते.

कापडाची एक अडचण आहे. भेंडी, टोमॅटो यांची फळधारणा झाकलेल्या वाफ्यातही होते. वेलभाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि कीटक आले नाहीत तर फळ धरत नाही. अशा वेळी नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला हलकेच लावावा. मादी फुलामागे इवलेसे फळ दिसते, तीच तिची खूण. कारल्याची फुले सकाळी, दुधी-दोडक्याची सायंकाळी उमलतात. वेळ चुकली तर श्रम वाया जातात. हे जमणार नसेल तर फुलोऱ्यात कापड काढावे आणि पानांचा थोडा वाटा अळ्यांना सोडावा. घरच्या बागेला एवढा तोटा सोसतो. पोट ज्याचे शेतीवर आहे, त्याला तो सोसत नाही, म्हणून शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मात्र कुंडीवाल्याला पोहोचत नाही.

राहता राहिला तिथीचा प्रश्न. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरांत भेंडी झाडावरच राहते आणि एक-दोन दिवसांत जून होते. गावरान वाणाची असेल तर तशी एखादी शेंग तोडू नये. ती झाडावरच वाळू द्यावी, तडकू लागली की उतरवावी आणि बी कोरड्या बरणीत पुढच्या जूनसाठी ठेवावे.