प्रवेशाची कसोटी आणि अभ्यासाची कसोटी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : सर्वांत चांगले महाविद्यालय कोणते? उत्तरही ठरलेले असते : जेथे प्रवेश मिळणे सर्वांत कठीण, ते! परंतु प्रवेश कठीण असणे आणि अभ्यास कठीण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उंबरठा उंच म्हणून घर मोठे, असे होत नाही. पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याची खरी कसोटी कोठे आणि कशी लागते, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

हा फरक व्यापारी कुटुंबांना नवा नाही. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापाल संस्थेचा, म्हणजेच सीएचा अभ्यासक्रम पाहावा. तेथे जागांची मर्यादा नाही. बारावी उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही मुला-मुलीस प्राथमिक परीक्षेची वाट मोकळी आहे. मात्र पुढे प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण मिळविताना भल्याभल्यांची दमछाक होते. दार उघडे, पण चढण उभी, असा हा मार्ग आहे.

सर्वाधिक कठोर अभ्यासक्रम कोणत्या महाविद्यालयाचा, या प्रश्नाची चर्चा अमेरिकेत दीर्घकाळ चालत आली आहे. महाराष्ट्रातूनही अनेक विद्यार्थी पदवीसाठी तेथे जातात, म्हणून तेथील काही उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल.

कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील कॅलटेक ही संस्था या यादीत नेहमी अग्रभागी असते. शाखा कोणतीही असो, प्रत्येक विद्यार्थ्यास गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकावेच लागते. शिवाय साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांतूनही सुटका नाही. विख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात दिलेली भौतिकशास्त्रावरील व्याख्याने याच संस्थेतील पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी होती. तेथील अनेक परीक्षांना पर्यवेक्षक नसतो. विद्यार्थी प्रश्नपत्रिका खोलीवर नेतो, घड्याळ लावून सोडवितो आणि ठरलेली वेळ संपताच स्वतः लेखणी खाली ठेवतो. बुद्धीबरोबर सचोटीचीही येथे परीक्षा होते.

ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथील रीड महाविद्यालयाची रीत आणखी वेगळी. १९०८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत प्रत्येक विद्यार्थ्यास अंतिम वर्षी वर्षभर एका विषयावर प्रबंध लिहावा लागतो आणि प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन करावे लागते. गुणांची नोंद होते. परंतु काम समाधानकारक असेल तर ते विद्यार्थ्यास आपणहून कळविले जात नाहीत. उत्तरपत्रिकेवर येतात ते शिक्षकांचे अभिप्राय. हेतू हा, की मुलाचे लक्ष गुणांवरून उठून विषयावर बसावे. महाविद्यालयांचे क्रमांक लावणाऱ्या एका प्रसिद्ध साप्ताहिकाशी सहकार्य करणे या संस्थेने १९९५ साली थांबविले. यावरून क्रमांक आणि कठोरता यांचा संबंध किती सैल आहे, हे ध्यानी यावे.

पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर येथे १९२२ साली अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर एक ऐच्छिक योजना सुरू केली. ती निवडणारे विद्यार्थी लहान गटांत सखोल अध्ययन करतात आणि शेवटी त्यांची लेखी व तोंडी परीक्षा बाहेरच्या विद्यापीठांतून आलेले विद्वान घेतात. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असल्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला उभे राहतात. शिक्षकाची भीती उरत नाही, साहाय्य मात्र उरते.

याउलट, केवळ गुण दुर्मीळ करून कठोरता साधते का? प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ साली सर्वोच्च श्रेणी साधारणतः ३५ टक्क्यांपेक्षा अधिक दिली जाऊ नये, असे धोरण स्वीकारले. विद्यार्थी परस्परांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१४ साली ते धोरण मागे घेण्यात आले. अंतिम वर्षाचा प्रबंध मात्र तेथे पूर्वीपासून होता आणि आजही आहे. हात आखडता घेऊन विद्वत्ता वाढत नाही. ती वाढते काम करून घेतल्याने.

स्वदेशातही अशी स्थाने आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकाता येथे स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेस १९५९ च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तेथील संख्याशास्त्राच्या पदवीचा कस जाणकारांत सर्वमान्य आहे; तरीही अनेक पालकांना तिचे नाव ठाऊक नसते.

आता मुख्य मुद्दा. गावात नेहमी पहिला येणारा मुलगा किंवा मुलगी अशा संस्थेत पोहोचते, तेव्हा वर्गातील प्रत्येक जण आपापल्या गावातील पहिलाच असतो. पहिल्या चाचणीत ते लेकरू मागे पडते. आयुष्यातील ते त्याचे पहिले अपयश असते, आणि नेमका त्याच रात्री घरून फोन येतो : “किती गुण पडले?” त्या एका प्रश्नाने होणारे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. कॅलटेकने म्हणूनच पहिल्या दोन सत्रांत, तर एमआयटीने पहिल्या सत्रात, श्रेणी न देता केवळ उत्तीर्णतेची नोंद ठेवण्याची पद्धत ठेवली आहे. जी संस्था अधिक मागते, तिने सावरण्यास वेळही दिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

म्हणून महाविद्यालय निवडताना पालकांनी कटऑफबरोबर चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. सर्वांना अनिवार्य असा अभ्यास कोणता? विद्यार्थ्यास स्वतः लिहावयाचे, सोडवावयाचे काम किती? परीक्षण कोण करतो? आणि जो अडखळतो, त्याला हात कोण देतो? कापड घेताना केवळ छाप पाहून कोणी ताका उचलत नाही. पोत बोटांनी चाचपून पाहतो. मुलांच्या आयुष्याची चार वर्षे त्याहून निश्चितच मोलाची आहेत.

आणि त्या रात्रीच्या फोनवर गुणांआधी एवढेच विचारावे : “जेवलास का? आज नवे काय शिकलास?”

जय जिनेंद्र!