सीमेवरचा एक प्रश्न

आपल्याकडे लग्नात नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके चाललेली असतात, आणि मामा काही न बोलता भाचीच्या मागे उभा असतो. बोलायचे असे त्याला काही नसतेच. तेथे असणे हेच त्याचे काम. २०२३ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरी असे एक मराठी लग्न झाले. त्या लग्नातला मामा हा माझा बालमित्र. परंतु मुहूर्ताच्या वेळी नवरीच्या पाठीशी दुसरेच कोणी उभे होते. मामा आदल्या दिवशी सीमेवरून परत फिरला होता.

हा माझा मित्र अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड येथे, बरीच वर्षे राहतो. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे. तेथून नायगारा नदीवरील पीस ब्रिज हा पूल सुमारे तीनशे किलोमीटर. पूल ओलांडला की कॅनडा. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील शंभर वर्षांच्या शांततेचे स्मारक म्हणून १९२७ साली हा पूल खुला झाला. माझ्या मित्राने तो अनेकदा ओलांडला होता. अमेरिकन नागरिकाला कॅनडात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे बहिणीकडे जाणे हे त्याला पुण्याहून नाशिकला जाण्यासारखे वाटे.

त्या दिवशी मोटारीच्या मागच्या बाजूस लाडवांचे डबे होते, शेजारी पत्नी होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने नेहमीचे प्रश्न विचारले, आणि मग आणखी एक विचारला: "आपल्याला कधी एखाद्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय?"

झाली होती. २०१९ च्या जून महिन्यात एका मेजवानीहून परतताना पोलिसांनी त्याला थांबविले होते. कोणास इजा झाली नव्हती, मोटारीला ओरखडाही उठला नव्हता. परंतु श्वासाची चाचणी त्याच्या विरुद्ध गेली. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, दंड भरला, तीन दिवसांचे सक्तीचे शिबिर केले, वाहन चालविण्याचा परवाना काही काळ गमावला. २०२० साली हे सारे संपले. त्याने ते कोणास सांगितले नव्हते. मलाही नाही.

"अरे, 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर आला होता," तो मला नंतर दूरध्वनीवर म्हणाला. "पण शेजारी ही बसली होती. तिच्या देखत खोटे बोलवेना." त्याने 'होय' म्हटले. त्याला आत बोलावण्यात आले, दोन तास बसविण्यात आले, आणि शेवटी सौजन्याने सांगण्यात आले की, आज आपल्याला प्रवेश देता येत नाही. आपण परत जावे.

माझा पहिला उद्गार, प्रामाणिकपणे सांगतो, रागाचा होता. एका गुन्ह्याची शिक्षा भोगून झाल्यावर ती पुन्हा का भोगावी? पुढे मी तेथील कायदा काढून वाचला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला राग आला की तो नियम वाचतो, ही त्याची खोडच म्हणा. वाचल्यावर राग गेला असे नाही. पण प्रश्न निराळा दिसू लागला.

कॅनडाचा परदेशी लोकांच्या प्रवेशाविषयीचा कायदा २००१ सालचा; तो २००२ पासून अमलात आला. त्याची दृष्टी अशी की, परक्या देशाने आपल्या गुन्ह्याला काय नाव दिले, तो किरकोळ मानला की मोठा, हे येथे निर्णायक नाही. ते कृत्य कॅनडात घडले असते तर कॅनडाच्या कायद्याने त्याला काय म्हटले असते, एवढेच पाहावयाचे. मद्याच्या अमलाखाली वाहन चालविणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे. तो साध्या पद्धतीनेही चालविता येतो आणि गंभीर पद्धतीनेही. परंतु असा दुहेरी गुन्हा सीमेवर नेहमी गंभीरच मानावा, असे प्रवेशाचा कायदा स्पष्ट सांगतो. त्यातच १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. माझ्या मित्राचा गुन्हा त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांचा.

या फरकाचा परिणाम मोठा आहे. त्या तारखेपूर्वी असा एकच गुन्हा घडलेला असेल, तर शिक्षा पुरी झाल्यापासून दहा वर्षांनी माणूस आपोआप सुधारला असे धरले जाते. त्याला अर्जही करावा लागत नाही. नंतरच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. केवळ काळ लोटल्याने तो धुतला जात नाही. शिक्षेचा शेवटचा भाग संपल्यावर पाच वर्षांनी अर्ज करावयाचा, कागदपत्रे जोडावयाची, आपले जीवन आता स्थिर आहे हे दाखवावयाचे, आणि निर्णयाची वाट पाहावयाची. निर्णय अनुकूल झाला की मात्र तो कायमचा. पुन्हा गुन्हा न घडला तर परत विचारणा नाही. तोपर्यंत खरोखरीचे निकडीचे कारण असल्यास तात्पुरता परवाना मागता येतो. तो द्यावा की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर. भाचीचे लग्न हे कारण त्या दिवशी पुरेसे ठरले नाही. महिनाभर आधी रीतसर अर्ज केला असता तर कदाचित ठरले असते. परंतु अर्ज करावयाचा तर घरात ती गोष्ट बोलावी लागली असती.

ही एका पुलाची कथा असली तरी तिचे धागे आपल्या अनेक घरांपर्यंत येतात. कॅनडात कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या आपल्या मुलामुलींना तेथे या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली, तर २०१८ च्या बदलामुळे तो हक्कच धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेचे धोरण याहून निराळ्या प्रकारे कडक आहे. २०१५ पासून तेथील वकिलाती अशा प्रकरणी नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतात. न्यायालयाचा निकाल लागलेला असो वा नसो. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे लगेच देश सोडावा लागतोच असे नाही. परंतु आजारी आईला भेटण्यास तो भारतात आला, की परतीसाठी त्याला नवा व्हिसा मागावा लागतो, आणि तेव्हा सारे प्रकरण पुन्हा उघडते.

आपल्या देशातही मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुष्कळ लोक न्यायालयात उभे राहतात, 'मान्य आहे' म्हणतात, दंड भरतात आणि 'सुटलो' म्हणत बाहेर येतात. दंड भरून माणूस त्या दिवसापुरता मोकळा होतो. परंतु 'मान्य आहे' या दोन शब्दांनी दोषसिद्धी झालेली असते. पुढे एखाद्या परदेशाच्या अर्जावर 'शिक्षा झाली आहे काय' असा रकाना येतो, तेव्हा त्याचे खरे उत्तर 'होय' हेच असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा अन्याय आहे काय? मला वाटते, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. शिक्षा ही झालेल्या कृत्याबद्दल असते. ती संपते, आणि संपली पाहिजे. प्रवेश हा विश्वासाचा प्रश्न आहे. ज्याने आपल्याला काही दिलेले नाही, त्याच्या दाराशी आपण उभे असतो, आणि तो विचारतो, 'तुमच्यावर विश्वास ठेवू का?' त्याला विचारण्याचा अधिकार आहे. मात्र जो दार बंद ठेवतो, त्याने ते कधी व कसे उघडेल हेही सांगितले पाहिजे. कॅनडाच्या कायद्यात ती वाट आहे. ती लांब आहे, पण आहे.

सरकारी नोकरीत निवड झालेल्या उमेदवारांच्या चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्या टेबलावरून जातात. तेथेही हाच रकाना असतो. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याविषयी मार्गदर्शन केले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. गुन्हा क्षुल्लक असेल तर नेमणूक करणाऱ्याला तो क्षमापित करता येतो. परंतु लपवाछपवी ही स्वतंत्र बाब म्हणून पाहिली जाऊ शकते. तरुणपणीचा एखादा दोष मोकळेपणाने लिहिणाऱ्या उमेदवाराची फाईल वाचताना मन मऊ होते, हा माझा अनुभव आहे. कोरा रकाना आणि मागाहून आलेला पोलिसांचा अहवाल शेजारी शेजारी दिसले, की तेच मन कठोर होते.

पीस ब्रिजवरही तसेच होते. अमेरिकेतील गुन्ह्यांच्या नोंदी कॅनडाच्या अधिकाऱ्याला संगणकावर पाहता येतात. माझ्या मित्राने 'नाही' म्हटले असते आणि नोंद समोर आली असती, तर मूळ दोषावर असत्याचा दुसरा दोष चढला असता. आणि खोट्या माहितीबद्दल तेथे पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते. खरे बोलल्यामुळे एक लग्न चुकले. पण पुढचे दार उघडे राहिले.

२०२५ साली त्याची पाच वर्षे पुरी झाली, आणि त्याने अर्ज केला. अर्जासोबत एक निवेदन जोडावयाचे असते. त्याचा मसुदा त्याने मला वाचून दाखविला. त्यात वकिली भाषा फारशी नव्हती. त्या रात्री आपण गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावयास हवी होती, असे एक साधे वाक्य होते. ते ऐकून मी म्हणालो, "यातला एक शब्दही बदलू नकोस."

भाचीने लग्नाची छायाचित्रे त्याला पाठविली आहेत. तिच्या मागे तिचा चुलतमामा उभा आहे. माझा मित्र ते छायाचित्र पाहतो आणि काही बोलत नाही. मेजवानीहून निघताना किल्ली हातात घेणाऱ्या माणसाला हे छायाचित्र दिसत नसते. म्हणून ते आज मी आपल्यापुढे ठेवले.